औषध हातात दिल्यानंतरचे काम : नव्या फार्मासिस्टसाठी औषध-सुरक्षेचे टप्पे

फार्मसीत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक सवय लावून घ्यायला सांगते. समोरची व्यक्ती कोणतीही नवी तक्रार सांगू लागली की दोन तारखा विचाराव्यात : ही तक्रार केव्हापासून आहे, आणि तिच्याआधी कोणते औषध नव्याने सुरू झाले किंवा कोणत्या औषधाची मात्रा बदलली. औषध-सुरक्षा, रक्तपातळीचे निरीक्षण, दुष्परिणामांचा अहवाल ही सगळी मोठी नावे पुढे येतात, पण कामाला सुरुवात या दोन तारखांपासूनच होते.

ही सवय मला एका चुकीमुळे लागली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक वयस्कर बाई खोकल्याचे औषध मागायला आल्या. खोकला कोरडा होता, ताप नव्हता, कफ नव्हता, रात्री त्रास वाढत होता. मी त्यांना सिरप दिले. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा मी दुसरे सिरप दिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतली सगळी औषधे काउंटरवर काढून ठेवली आणि त्यांत रक्तदाबासाठी दिलेल्या एनालाप्रिलची स्ट्रिप दिसली. "आजी, ही गोळी कधी सुरू झाली?" असे विचारल्यावर "खोकला लागायच्या आधी आठ-पंधरा दिवस" असे उत्तर आले. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे ज्या एन्झाइमला रोखतात, तोच एन्झाइम शरीरातल्या ब्रॅडिकायनिन या दाह निर्माण करणाऱ्या पदार्थाचे विघटन करत असतो. ते साचले की श्वसनमार्ग चाळवला जातो आणि काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलून लोसार्टन दिले आणि काही आठवड्यांत खोकला थांबला. दोन महिने त्या बाईंची झोप मोडत होती, आणि पहिल्याच भेटीत मी एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते, याची खंत मला आजही वाटते.

आधी शब्द पक्के करावेत

औषधामुळे झालेला प्रत्येक त्रास एकाच नावाने ओळखला की पुढचा विचार गढूळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७२ च्या व्याख्येनुसार प्रतिकूल प्रतिक्रिया म्हणजे रोग टाळण्यासाठी, ओळखण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी माणसाला नेहमी दिल्या जाणाऱ्या मात्रेत औषध दिले असताना उद्भवणारा, अपायकारक आणि न योजलेला परिणाम. या व्याख्येतले 'नेहमी दिल्या जाणाऱ्या मात्रेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दहापट मात्रा गेल्यामुळे रुग्ण बेशुद्ध पडला तर ती औषधोपचारातली चूक असते, आणि तिचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.

प्रतिक्रियांचेही ढोबळ दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारातला त्रास औषधाच्या ज्ञात गुणधर्मातूनच निर्माण होतो आणि मात्रेबरोबर वाढतो : इन्सुलिनने साखर फार उतरणे, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनने रक्तस्राव होणे. दुसऱ्या प्रकारातला त्रास औषधाच्या अपेक्षित कार्यावरून ओळखता येत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी हे त्याचे परिचित उदाहरण. नवख्यांचे लक्ष दुसऱ्या प्रकाराकडे जास्त जाते, कारण तो नाट्यमय असतो. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रतिक्रिया पहिल्या प्रकारातल्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा टाळता येतात, म्हणून आपली बरीचशी मेहनत तिथेच पडायला हवी.

चिठ्ठी हातात आल्यावर

चिठ्ठी वाचताना औषधाच्या नावाइतकेच लक्ष आकडा, दशांश चिन्ह आणि एकक यांच्याकडे द्यावे. १.० मधला टिंब पुसट असेल तर तो १० वाचला जातो; .५ मधला टिंब सुटला तर ५ होतात. युनिटसाठी लिहिलेले इंग्रजी 'यू' अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि ४ युनिटचे ४० होतात. म्हणून स्वतः लिहिताना पूर्णांकापुढे दशांश शून्य लावू नये, दशांशाआधीचे शून्य गाळू नये आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. दुसऱ्याने लिहिलेले शंकास्पद वाटले तर अंदाज बांधू नये, फोन करावा. फोन करायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे आवर्जून लिहिते आहे : मात्रेबद्दल विचारल्याने डॉक्टर क्वचित वैतागतात, पण न विचारता दिलेली चुकीची मात्रा परत घेता येत नाही.

काही औषधांत छोटी चूकही मोठी हानी करते. इन्सुलिन, हेपारिन व रक्त पातळ ठेवणारी अन्य औषधे, अफूवर्गीय वेदनाशामके, संहत पोटॅशियम क्लोराइड, कर्करोगावरील औषधे आणि स्नायू शिथिल करणारी औषधे यांना जगभरातल्या फार्मसींत अति-दक्षतेची औषधे मानतात. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध शिरेतून देण्याऐवजी चुकून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिले गेले तर रुग्ण बहुधा दगावतो. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीत पातळ करून देण्याची शिफारस आहे. या गटातल्या औषधांची दुहेरी तपासणी करावी, आणि ती खरोखर स्वतंत्र असावी. पहिल्याने काढलेले उत्तर दुसऱ्याला दाखवून "बरोबर आहे ना?" असे विचारले की दुसरा मान डोलावतो. दुसऱ्याने कोऱ्या कागदावर स्वतः गणित मांडावे आणि मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत.

इन्सुलिनबाबत आणखी एक गोष्ट नेहमी तपासावी. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या जिथे वापरात असतात, तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० च्या बाटलीतले इन्सुलिन १०० च्या सिरिंजने ४० च्या रेषेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात ०.४ मिलिलिटर, म्हणजे १६ युनिटच जातात. उलट १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लावली तर अडीचपट इन्सुलिन जाते आणि रुग्ण घाम फुटून कोसळू शकतो. बाटली देताना सिरिंज मागवून घ्यावी आणि दोन्हींवरचे आकडे रुग्णाच्या समोर जुळवून दाखवावेत.

मेथोट्रेक्सेटबद्दल तर मी फार आग्रही आहे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, पण गोळ्या रोज घेण्याच्या सवयीमुळे रुग्ण ते रोज घेऊ लागतो. मग तोंड येते, अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी घसरतात आणि मृत्यूही ओढवतो. पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' एवढेच लिहून भागत नाही, वाराचे नाव पूर्ण लिहावे. पुढच्या वेळी रुग्ण आला की "गोळ्या नीट घेता ना?" असे न विचारता "ही गोळी तुम्ही कोणत्या वारी घेता?" असे विचारावे. त्याला वार सांगता आला नाही तर तिथेच थांबावे. त्याच रुग्णाला कोणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिले असेल तर दोन्ही औषधे मिळून मज्जेवरचा भार वाढवतात, म्हणून तेही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये.

लहान मुलांच्या मात्रेत वजन विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा किलोच्या मुलाला पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते ६.२५ मिलिलिटर होते, २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३ मिलिलिटर, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर केवळ दीड मिलिलिटर. आई-वडील 'एक चमचा' लक्षात ठेवतात. थेंबांच्या बाटलीतून तोच पाच मिलिलिटरचा चमचा भरला तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त औषध जाते. म्हणून मात्रा मिलिलिटरमध्ये सांगावी, मोजण्याची सिरिंज सोबत द्यावी आणि तिच्यावर पेनाने खूण करून द्यावी.

वृद्धांच्या बाबतीत मूत्रपिंडाचे गणित मांडावे. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडावाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) रक्तात डेसिलिटरला १.१ मिलिग्रॅम आले तर अहवालात ते पुष्कळदा सर्वसाधारण मर्यादेच्या आत किंवा अगदी कडेला दिसते आणि कोणी त्याकडे पाहत नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने १४० मधून वय वजा करून, वजनाने गुणून, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागून आणि स्त्री म्हणून ०.८५ ने गुणून पाहिले तर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर येतो. म्हणजे मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेली आहे, आणि डायगॉक्सिन, गॅबापेंटिन, डॅबिगाट्रान यांसारख्या मूत्रपिंडावाटे जाणाऱ्या औषधांची मात्रा पुन्हा पाहायला हवी. स्नायू कमी झालेल्या वृद्धांत क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे तो एकटा आकडा फसवतो.

देताना

नाव विचारताना उत्तर आपणच पुरवू नये; "तुम्ही अमुकच ना?" या प्रश्नाला कमी ऐकू येणारा माणूस "हो" म्हणतो. पूर्ण नाव त्यालाच सांगू द्यावे. औषध कशासाठी, किती, केव्हा आणि काय झाले तर थांबवून फोन करायचा, एवढे सांगून झाले की "आता घरी गेल्यावर तुम्ही हे कसे घ्याल ते मला सांगा" असे म्हणावे. इतर ठिकाणाहून घेतलेल्या, चिठ्ठीशिवायच्या आणि वनौषधींच्या पुड्यांबद्दलही विचारावे, कारण "औषधे कोणती घेता?" या प्रश्नाच्या उत्तरात लोक त्या धरत नाहीत.

निरीक्षण : काय तपासायचे आणि केव्हा

औषध सुरू होण्याआधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. रामिप्रिलसारखे औषध सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून ठेवावे लागते आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर ते सहसा खपवून घेतात, त्यापुढे गेले तर कारण शोधतात. आधीचा आकडाच नसेल तर ३० टक्के कशाचे मोजणार? अमिओडारोनसाठी थायरॉइड आणि यकृताच्या चाचण्या आधी व नंतर साधारण दर सहा महिन्यांनी लागतात. मेथोट्रेक्सेटसाठी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड पाहतात. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याचा घसा अचानक दुखू लागला आणि ताप आला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. तिथे घशाच्या चघळायच्या गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे आहे.

रक्तातली औषधाची पातळी मोजण्याचा प्रश्न थोड्याच औषधांबाबत येतो. अ‍ॅम्लोडिपिनची पातळी कोणी मोजत नाही, कारण रक्तदाब थेट मोजता येतो. जिथे परिणाम असा सहज मोजता येत नाही आणि उपयोगी पातळी व विषारी पातळी यांत फारसे अंतर नसते, तिथेच ही मोजणी कामाची : डायगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, थिओफायलिन, व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, अवयव-रोपणानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधे.

इथे दोन तारखांच्या जोडीला दोन वेळाही येतात : शेवटची मात्रा किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढले. या दोन वेळा नसलेल्या अहवालावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. डायगॉक्सिन रक्तातून ऊतींमध्ये पसरायला काही तास लागतात, म्हणून मात्रेनंतर किमान सहा तास जाऊ द्यावे लागतात. दोन तासांनी काढलेल्या नमुन्यात पातळी भीतिदायक दिसते आणि विनाकारण औषध बंद केले जाते. लिथियमसाठी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी नमुना घेतात. तसेच औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला चार ते पाच अर्धायुकाल (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) लागतात. मूत्रपिंड चांगले असलेल्या व्यक्तीत डायगॉक्सिनचा अर्धायुकाल साधारण ३६ ते ४८ तासांचा, म्हणजे स्थिर पातळीसाठी आठवडा ते दहा दिवस. मूत्रपिंड थकलेले असेल तर त्याहूनही जास्त. विषबाधेची शंका असेल तर अर्थातच थांबायचे नसते.

लिथियम घेणाऱ्या रुग्णांत पातळी बहुतेक वेळा लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोल यांच्या आसपास ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. जुलाब, उलट्या, पाणी कमी पडणे, गुडघेदुखीसाठी आपल्याच काउंटरवरून घेतलेली आयबुप्रोफेन, थायझाइड वर्गातले लघवी वाढवणारे औषध किंवा एनालाप्रिल यांपैकी कोणत्याही कारणाने ती वर चढते. हात ठळकपणे थरथरू लागले, बोलणे जड झाले, चाल अडखळू लागली तर ते वयामुळे आहे असे मानू नये.

फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधावर थोडे थांबावेसे वाटते, कारण नवख्यांची फसगत इथे सर्वांत जास्त होते. यकृताची फेनिटॉइन हाताळण्याची क्षमता मर्यादित असते आणि ती भरली की मात्रेतली छोटी वाढही पातळीत मोठी उडी घडवते. ३०० वरून एकदम ४०० मिलिग्रॅमवर गेलेला रुग्ण आठवड्याभरात तोल जाऊन पडू शकतो. म्हणून वाढ २५ ते ५० मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी करतात. दुसरा सापळा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा. फेनिटॉइनचा सुमारे नऊ-दशांश भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. प्रयोगशाळा मात्र बहुधा एकूण पातळी कळवते. समजा, एकूण पातळी लिटरला ८ मिलिग्रॅम आली. १० ते २० या नेहमीच्या मर्यादेपेक्षा ती कमी आहे, म्हणून मात्रा वाढवण्याचा मोह होतो. पण रुग्णाचे अल्ब्युमिन डेसिलिटरला २ ग्रॅम असेल तर शायनर-टोझर सूत्राप्रमाणे ८ ला ०.२ गुणिले २ अधिक ०.१, म्हणजे ०.५ ने भागावे लागते आणि उत्तर १६ येते. पातळी मुळातच पुरेशी आहे. मात्रा वाढवली असती तर डोळ्यांची बुबुळे थरथरू लागली असती आणि रुग्णाला उभे राहता आले नसते.

वॉरफेरिनची पातळी मोजत नाहीत, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, मोजतात, आणि बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ मध्ये ठेवतात. वॉरफेरिन नवे गोठण-घटक तयार होऊ देत नाही, आधीपासून रक्तात असलेले घटक मात्र आपल्या गतीने संपतात, म्हणून आज बदललेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम उद्या दिसत नाही. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल किंवा फ्लुकोनाझोल सुरू झाले की आयएनआर वर जातो. अशी चिठ्ठी आली तर डॉक्टरांशी बोलावे आणि तीन ते पाच दिवसांत तपासणी ठरवून मगच रुग्णाला पाठवावे. रिफाम्पिसिन उलट आयएनआर खाली आणते, आणि ते बंद केल्यानंतरच्या आठवड्यांत तो पुन्हा चढतो. औषध बंद झाल्याची तारीखही सुरू झाल्याच्या तारखेइतकीच महत्त्वाची असते, ती अशी.

प्रतिक्रिया ओळखताना

वेगवेगळ्या प्रतिक्रियांचे कालमान वेगवेगळे असते आणि ते पाठ असले तर दोन तारखा बोलू लागतात. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी) बहुधा मिनिटांत ते तासाभरात येतो. अमॉक्सिसिलिनचे लालसर पुरळ अनेकदा पाचव्या ते दहाव्या दिवशी उमटते. कार्बामाझेपिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, लॅमोट्रिजिन, सल्फा औषधे यांच्यामुळे होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (त्वचा आणि तोंड-डोळ्यांच्या आतला थर सोलून निघणारी गंभीर प्रतिक्रिया) बहुतेक वेळा पहिल्या ४ ते २८ दिवसांत सुरू होतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटने होणारी कावीळ औषधाचा कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते, त्यामुळे चालू औषधांबरोबर गेल्या दोन-तीन महिन्यांत संपलेली औषधेही विचारावीत. आणि एनालाप्रिलच्या गटामुळे ओठ-जीभ सुजणे तर वर्षानुवर्षे विनातक्रार गोळी घेतल्यानंतरही घडू शकते. म्हणून "ही गोळी तर मी केव्हापासून घेतोय" या वाक्यावर औषधाला निर्दोष ठरवू नये.

पुरळ घेऊन आलेल्या रुग्णाला कॅलामाइन देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात : ताप आहे का, डोळे-तोंड-जननेंद्रिये यांच्या आतल्या त्वचेला फोड किंवा जळजळ आहे का, त्वचा खाजण्याऐवजी दुखते आहे का, चेहऱ्यावर सूज आहे का. यांपैकी एक जरी असेल तर संशयित औषध थांबवण्याबद्दल तत्काळ डॉक्टरांशी बोलून रुग्णाला रुग्णालयात पाठवावे. अंगावर गांधी उठून सोबत श्वास लागणे, आवाज घोगरा होणे किंवा चक्कर येणे असेल तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस समजावा. प्रौढाला मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने स्नायूत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन हा पहिला उपचार आहे आणि सेटिरिझिन किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही.

संशय किती पक्का, हे ठरवायला १९८१ मध्ये मांडलेली नारांजो प्रश्नावली हाताशी ठेवावी. तिच्यात दहा प्रश्न असतात : प्रतिक्रिया औषधानंतर आली का, औषध थांबवल्यावर उतरली का, दुसरे कारण संभवते का, पूर्वी असे झाले होते का, इत्यादी. बेरीज ९ किंवा जास्त आली तर निश्चित, ५ ते ८ आली तर संभवनीय, १ ते ४ आली तर शक्य आणि त्याखाली असली तर शंकास्पद मानतात. पुन्हा औषध देऊन पाहिल्याबद्दलचाही प्रश्न त्यात आहे, पण गंभीर प्रतिक्रियेनंतर गुण मिळवण्यासाठी औषध पुन्हा देऊन पाहणे सर्वथा अयोग्य आहे.

प्रतिक्रियेला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देणे, ही साखळी तोडायचे काम फार्मासिस्टला सर्वांत चांगले जमू शकते, कारण सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच समोर येतात. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, सुजेसाठी फ्युरोसेमाइड लिहिले जाते, त्याने पोटॅशियम उतरते आणि मग पोटॅशियमचे सिरप येते. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने हात थरथरू लागतात आणि कंपवाताच्या गोळ्या सुरू होतात. सुरुवातीला सांगितलेले माझे खोकल्याचे सिरपही याच जातीचे होते.

अहवाल का आणि कसा

नवे औषध बाजारात येते तेव्हा ते बहुधा काही हजार लोकांवरच तपासलेले असते. दहा हजारांत एकाला होणारी प्रतिक्रिया किमान एकदा दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३०,००० लोकांवर औषध वापरलेले असावे लागते. म्हणजे दुर्मिळ प्रतिक्रिया पहिल्यांदा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या समोरच उभी राहते. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आले आणि गरोदर स्त्रियाही ते मळमळीसाठी घेऊ लागल्या. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये हातापायांच्या व्यंगांचा त्याच्याशी संबंध जोडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते जर्मनीतून मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंगासह जन्मली होती. हे व्यंग मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ दिवसांत औषध घेतल्यावर निर्माण होत होते, म्हणजे इथेही उत्तर तारखांमध्येच दडलेले होते. त्यानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये संशयित प्रतिक्रिया कळवण्याची यलो कार्ड योजना सुरू केली, १९६८ मध्ये दहा देशांना घेऊन जागतिक आरोग्य संघटनेचा औषध-निरीक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ पासून स्वीडनमधल्या उप्साला येथील केंद्र त्याचे काम पाहते.

अहवाल ग्राह्य होण्यासाठी चारच गोष्टी लागतात : ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि प्रतिक्रिया. रुग्णाचे पूर्ण नाव द्यावे लागत नाही, आद्याक्षरे आणि वय पुरते. पुरावा लागत नाही, संशय पुरेसा असतो. खात्री पटेपर्यंत थांबणाऱ्याचा अहवाल बहुधा कधीच जात नाही. लस किंवा जैविक औषध असेल तर बॅच क्रमांक न चुकता लिहावा. "औषधाने रिअ‍ॅक्शन आली" या वाक्याचा कोणालाच उपयोग नाही. असे लिहावे : '५२ वर्षांची स्त्री. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल १ तारखेला सुरू. ९ तारखेला ताप, डोळ्यांची जळजळ. १० तारखेला छातीवर दुखरे लाल चट्टे, ओठांना फोड. त्याच दिवशी औषध बंद, रुग्णालयात दाखल. अन्य औषधे : मेटफॉर्मिन, चार वर्षांपासून. पूर्वी सल्फा औषध घेतल्याचे आठवत नाही. १८ तारखेला नवे फोड येणे थांबले.' हा मजकूर वाचणारा हजार मैलांवर असला तरी त्याला विचार करता येतो.

मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा तिथला मुक्काम वाढणे, कायमचे अपंगत्व, जन्मजात व्यंग यांपैकी काही झाले असेल तर प्रतिक्रिया गंभीर समजून अहवाल विनाविलंब औषध-सुरक्षेच्या राष्ट्रीय केंद्राकडे पाठवावा. नव्या औषधाच्या बाबतीत किरकोळ तक्रारही कळवावी.

चूक आपली असेल तेव्हा

आधी रुग्ण सुरक्षित आहे का ते पाहावे, मग डॉक्टरांना, मग रुग्णाला खरे काय ते सांगावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडलेली चूकही नोंदवावी, कारण पुढच्या वेळी ती पकडली जाईलच असे नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा भर व्यक्तीला दोष देण्यापेक्षा व्यवस्था सुधारण्यावरच होता. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन एकाच फळीवर शेजारी ठेवलेले असतील तर माणूस बदलून काही होणार नाही, डबे हलवावे लागतील. वरिष्ठांनी नोंद करणाऱ्याला ओरडले की पुढच्या नोंदी बंद होतात; हे मी पाहिले आहे.

शेवटची नोंद रुग्णाजवळ

प्रतिक्रिया उतरली, अहवाल गेला, तरी एक काम राहते. 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' एवढेच शब्द रुग्णाच्या नोंदीत लिहिलेले असतात आणि नेमके काय झाले होते ते कोणालाच ठाऊक नसते. तपासून पाहिल्यावर अशी नोंद असलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना पेनिसिलिन चालते, पण तोवर त्यांना वर्षानुवर्षे दुसरी, कमी योग्य प्रतिजैविके दिली गेलेली असतात. जुलाब झाले असतील तर 'जुलाब' लिहावे, अ‍ॅलर्जी लिहू नये. खरी प्रतिक्रिया असेल तर रुग्णाला त्याच्या भाषेत एक कार्ड लिहून द्यावे : औषधाचे मूळ नाव, सोबत ते ज्या ब्रँडने घेतले त्याचे नाव, औषध सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख, काय झाले आणि कोणते उपचार लागले. कार्ड पाकिटात ठेवायला सांगावे, त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या एकाच्या फोनमध्येही ठेवायला सांगावा, आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत ते काउंटरवर आपणहून दाखवायला सांगावे.